लाल बटणांचा टीव्हीगेम आणि माझी पाटी

माझं डोकं लवकर तापतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय मला नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या मोठ्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला. तो नागपूरजवळ कन्हानला राहतो, मी नागपुरात. वाचला, बोलणंही तुटक तुटक परत आलं, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच पडून राहायचा. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई रोज बजावायच्या, बोटं हलवा, चेंडू दाबा, हेच दोन-चार महिने कामाचे आहेत, मग बोटं ऐकणार नाहीत. भाऊ चेंडू हातात घ्यायचा आणि सोडून द्यायचा. एक दिवस मी वैतागलो. म्हटलं, "मंग तुले पाहिजे तरी काय?"

बराच वेळ ओठांची जुळवाजुळव करून तो म्हणाला, "टीव्हीगेम. आपला."

मी हबकलोच. आमच्या लहानपणी बाबांनी आणलेला तो टीव्हीगेम! वरून पिवळी कॅसेट खोचायची, टीव्हीला वायर जोडायची आणि दोन लाल बटणांचा रिमोट घेऊन जमिनीवर बसायचं. अंगठ्याला घट्टे पडायचे. भावानं मला एकदाही जिंकू दिलं नाही. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आणा की! अंगठाच तर हलवायचा आहे."

मला वाटलं, दोन तासांचं काम. दोन महिने गेले, बाप्पा!

सदर भागातल्या एका चकचकीत दुकानात गेलो. काउंटरवरच्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं काही मी बैलगाडीचं चाक मागत होतो. "अंकल, वो अब म्युझियम में मिलेगा." सीताबर्डीला गेलो, इतवारीत गेलो. एक भंगारवाला म्हणाला, "मागच्याच महिन्यात पाच-सहा फोडले न भाऊ, आतली तार काढायले." माझा जीव चरचरला. ऑनलाइन मागवलं तर पाचशे खेळांचं एक खेळणं आलं, त्यात आमचा एकही खेळ नव्हता आणि बटणं दगडासारखी. भावानं हातात घेतलं, "हा... नाही" म्हणून बाजूला सारलं. मग मौद्याच्या एका माणसाची जाहिरात दिसली, अगदी तस्साच डबा, वरचं चित्रसुद्धा तेच. सुट्टी टाकून मौद्याला गेलो. त्यानं रिकामा डबा हातात ठेवला. म्हटलं, "आतलं कुठाय?" तो म्हणे, "फोटो डब्याचाच होता न गा भाऊ." असा संताप झाला माझा! तो डबा तिथंच आपटून परत आलो.

शेवटी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, कुणाकडे जुना टीव्हीगेम आहे का, भावाच्या हातासाठी पाहिजे. सात जणांनी जोडलेले हात पाठवले. एकानं गुलाबाचं फूल पाठवलं. झालं.

आता खालच्या काकांचं सांगतो. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं, वयामुळं बंद केलं आणि दुकानातलं सगळं सामान आणून जिन्याखाली रचलं. उघडे रेडिओ, टीव्हीचे सांगाडे, तारांची पोती. येता-जाता माझ्या पायाला लागायचं. टीव्हीगेमच्या मेसेजनंतर आठवड्यानं एक दिवस अंगठ्याचं नखच उखडलं. त्या रागात मी ग्रुपवर लिहिलं, "जिन्याखाली भंगाराचा डोंगर झाला आहे. चोरीचा माल असेल, नाहीतर कोण इतकं जपून ठेवतं?"

संध्याकाळी काका वर आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, "साहेब, भंगार म्हणा, चालते. चोरीचा माल नका म्हणू. ते खोटं आहे. तेवढं काढून टाका."

मी म्हटलं, "मले बोलायचा अधिकार आहे. संविधानानं देला आहे."

हे मी कुणाला सांगत होतो? ज्यांच्या बैठकीत दारासमोरच संविधानाची उद्देशिका फ्रेम करून लावलेली आहे, त्यांना. काका चिडले नाहीत. म्हणाले, "बोला न. तुमचा अधिकार मी काहून घेऊ? पण तुम्ही बोलता ते मले ऐकू येते, एवढंच सांगाले आलो." आणि जिना उतरून गेले.

मी बायकोला म्हटलं, "पाह्यलं, कसं गप्प केलं!" ती भाजी निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "अधिकार बोलायचा आहे. समोरच्याले गप्प करायचा कुठं लिहून आहे?" मला तिचा राग आला. पोस्ट मी काढली नाही.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, बाईच्या रूपातला मोठा पुतळा. इडा-पिडा, रोगराई, सगळी घाण तिनं सोबत घेऊन जावी म्हणून लोक ओरडत तिच्यामागं जातात आणि शेवटी तिला जाळतात. तिच्यासोबत बडगेही असतात, बडगा म्हणजे कागदाचा मोठा पुतळा, त्याच्या गळ्यात वर्षभराच्या तक्रारींच्या पाट्या. आमची कॉलनीही एक लहानसा बडगा करते. आमची रीत अशी की त्याचं पोट पोकळ ठेवायचं आणि घराघरांतलं जुनंपानं, मोडकंतोडकं त्यात भरायचं. त्या दिवशी कुणालाही काहीही बोलायची मुभा असते. खड्डे, महागाई, डेंगू, लाइटबिल, काहीही. शेजाऱ्याचं मात्र कुणी काढत नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं.

मी पाटी लिहिली, चांगल्या ठळक अक्षरांत: "जिन्याखालच्या चोरबाजाराले घेऊन जाऽऽ गे मारबत!"

लोक हसले. काही जणांनी फोटो काढले. मिरवणूक आमच्या बिल्डिंगसमोर आली तेव्हा काका बाहेर आले. मला वाटलं, आता भांडण होणार, मी बाह्या सरसावून तयार. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पाटी जवळून वाचली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आत गेले आणि दोन्ही हातांत सामान घेऊन आले. बडग्याच्या पोटात टाकलं. परत गेले, परत आले. रेडिओ, डबे, पोती. शेवटच्या फेरीला कापडात गुंडाळलेलं काहीतरी घरातून आणलं, क्षणभर हातात धरलं आणि तेही टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मीसुद्धा वाजवल्या. हे लिहिताना माझी मलाच शरम वाटते.

दिवस मावळायच्या आधी मोकळ्या प्लॉटवर बडगा जाळला. प्लास्टिकचा काळा धूर निघाला. माझ्या डोक्यात एकच, जिना मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात तळमजल्यावरच्या काकू. पेपरात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी माझ्या हातात दिली. "हे टेबलावर राहून गेलं होतं. तुमच्याच कामाचं आहे म्हणून आणलं."

कागद उघडला. दोन लाल बटणांचा रिमोट.

 म्हटलं, "हे... हे कुठून आलं?"

"तुमचा ग्रुपवरचा मेसेज वाचला तवापासून हे तेच करून राहिले होते न," काकू म्हणाल्या. "जिन्याखाली तीन मोडक्या मशिनी होत्या, त्या खोलून एक बनवली. परवा पोळ्याच्या दिवशी सुरू झाली. कॅसेटही होती. तुमच्या घरी आणून देणार होते काल."

"मंग?"

"मंग काय? गेली काल त्या बडग्यात. मी म्हटलं बी, अहो गेम तरी ठेवा. तर म्हणाले, चोरीचा माल बिमार माणसाच्या हातात काहून देऊ?"

 काकू गेल्या तरी मी दारातच उभा. मी ती पोस्ट टाकल्यावरही, त्यांना दारातून परत पाठवल्यावरही, माझ्या भावासाठी हा माणूस खाली बसून तारा जोडून डाग देत होता! मी तसाच घरातल्या कपड्यांवर प्लॉटवर पळालो. काठीनं राख उकरली. तारांचा गुंता आणि काळे गोळे. एका गोळ्याला कडेनं थोडा पिवळा रंग राहिला होता.

ग्रुपवरची पोस्ट काढली. सगळ्यांसमोर लिहिलं, मी खोटं बोललो, चूक माझी. पुन्हा सात जणांचे जोडलेले हात आले. मग रिमोट घेऊन कन्हानला गेलो.

भावाच्या उजव्या हातात ठेवला. त्यानं खाली बघितलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग अंगठा हलला. आधी नुसता थरथरला, मग बटणावर गेला आणि दाबलं. टक. पुन्हा टक. वहिनी तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. रिमोटची वायर नुसतीच जमिनीवर लोळत होती आणि भाऊ समोरच्या बंद टीव्हीकडं बघत बटण दाबत होता.

मग तो थांबला. "मशीन?"

"जळाली."

"कोनं... जाळली?"

खोटं बोलता आलं असतं. "मी," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. पाटीसकट, टाळ्यांसकट. त्याचा अंगठा बटणावरून खाली उतरला. माझ्याकडं त्यानं ज्या नजरेनं बघितलं, तसं त्यानं लहानपणी मला मारतानाही कधी बघितलं नव्हतं. एकेक शब्द ओढत म्हणाला, "ज्यानं... बनवली... त्याले... आण."

संध्याकाळी काकांच्या दाराशी उभा राहिलो. समोर ती फ्रेम. म्हटलं, "काका, माझं चुकलं. मले माफ नका करू, पण भाऊ तुम्हाले बोलावून राहिला. त्याचा अंगठा हालला." 

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "अंगठा हालला?" त्यांनी विचारलं. "कोणतं बटण दाबलं? डावं जरा कडक आहे, त्याची स्प्रिंग बदलायची राहिली." उठून त्यांनी पेचकस आणि डाग द्यायची मशीन पिशवीत टाकली. "येतो न. तुमच्या भावानं माझं काय बिघडवलं? एखादी जुनी मशीनही शोधू."

मला इतकं हलकं वाटलं की मी खिशातून किल्ली काढली. "चला मंग काका, गाडी काढतो."

त्यांनी कागद आणि पेन माझ्यापुढं धरलं.

"पत्ता लिहून द्या," ते म्हणाले. "तुमच्या गाडीत नाही बसत मी. उद्या बसनं जातो."