राणीच्या पाठीवरचा तीळ

उडत्या रेड्यांची माझी गोष्ट पहिल्यांदाच कुणाला तरी छापावीशी वाटली, आणि त्या आनंदात मी युरिया मागणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात उंदीर मारायचं औषध ठेवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "काय जी, सकाळीच चढली का?" चढली होतीच. दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन नुकताच येऊन गेला होता.

लाखनीत हमरस्त्याला लागून माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीचे पंप विकायचे आणि गिऱ्हाईक नसलं की तलावाच्या तळाशी वसलेल्या एका राज्याची गोष्ट लिहायची, हा माझा उद्योग. त्या राज्यात रेडे उडतात, आणि रेड्यांची निगा राखणारा एक तरणा गडी सातशे वर्षं वयाच्या, पण दिसायला तिशीतल्या राणीच्या प्रेमात पडतो. आता 'लिहायची' म्हणजे खरं तर बोलायची. पोती उचलून उचलून माझी बोटं जाड झाली आहेत. फोनवर एक जोडाक्षर काढायला जावं तर भलतीच तीन अक्षरं उमटतात. म्हणून मी बोलतो आणि फोन लिहून घेतो. त्याला विरामचिन्हं कळत नाहीत, तीही मी शब्दांनीच सांगतो आणि मागून दुरुस्त करतो. "रेडा ढगात घुसला पूर्णविराम" असं मी पोत्यांच्या थप्पीवर बसून ओरडत असतो, बाहेर ट्रकांची घरघर चालू असते, आणि गिऱ्हाइकं निमूट ऐकत उभी राहतात. एकदोघं तर "मंग काय झालं?" विचारल्याशिवाय दुकानातून हलत नाहीत.

संपादक म्हणाले, "गोष्ट झकास आहे. पण राणी आणि तो गडी एकत्र येतात, त्या रात्री तुम्ही कच खाल्ली आहे. ओठ थरथरले, पदर ढळला, आणि एकदम दुसरा दिवस! दाखवायचं तर नीट दाखवा, नाहीतर दारच लावून घ्या. तुमची गोष्ट पोरांची की मोठ्यांची, हे एकदा ठरवून आठवडाभरात पाठवा. मग छापायचं की नाही ते सांगतो."

म्हणजे माझं सगळं लेखकपण त्या एका रात्रीवर येऊन अडकलं. मी दोन घोट चहात ठरवून टाकलं, दाखवायचं! रेडे आभाळात उडवणाऱ्या माणसाने तेवढ्याला काय घाबरायचं? पण बोलायचं कुठे? दुकानात शेतकरी, घरी आई आणि बारावीतली पोरगी. बरं, कुजबुजून भागत नाही, फोनला खणखणीत आवाज लागतो. शेवटी शेतावर गेलो. धान गुडघाभर झालं होतं, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि सुरुवात केली, "राणी स्वल्पविराम आज कुणी येणार नाही पूर्णविराम."

चिटपाखरू नव्हतं, पण काकू होत्या. काकू म्हणजे शेजारच्या धानाच्या बांधीच्या मालकीण. पलीकडच्या धुऱ्याआड बसून त्या गवत कापत होत्या. मी राणीच्या कमरेपर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी विळा थांबवला असणार. आणि मी गाडीला किक मारली तोवर त्या आमच्या घरी पोचल्याही होत्या.

माझी बायको उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. पोरं तिला सुईमुळे घाबरतात, मी सुईशिवायच घाबरतो. मी पोचलो तेव्हा ती कमरेवर हात ठेवून दारातच उभी होती.

"कोण आहे थे राणी?"

"कोण राणी?" मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी कळलं की असंच सगळे म्हणतात.

"काकू येऊन गेल्या. तुझा नवरा फोनवर कोन्या राणीले सांगून राह्यला म्हणे, आज कोणी येणार नाही. कमरेचं काय, केसाचं काय, बाप्पा!" तिने दम घेतला. "आन् मधी मधी पूर्णविराम, पूर्णविराम करून राह्यला म्हणे."

एवढं बोलताना तिचे ओठ हलायला लागले. "असं बोलणाऱ्यापाशी कोणती बाई टिकन वो?" म्हणत ती पायरीवरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. आतून आईने विचारलं, काय झालं वं? ही म्हणाली, "काही नाही आई, ह्यायले पूर्णविराम झाला."

मग तिने फोन मागितला. पेशंटचा रिपोर्ट बघावा तसं ते प्रकरण वाचलं.

"हात किती आहेत या माणसाले? एक कमरेवर, एक केसात, एकानं दिवा विझवला. मंग हनुवटी कायनं उचलली?"

मी मोजले. चार भरले. "तलावाखालचा माणूस आहे थो," मी म्हणालो.

"खेकडा आहे का? आन् मान हंसाची, कंबर सिंहाची, डोळे हरणाचे. हे राणी आहे का सर्कस?"

मला राग आला, अगदी खरा आला. "मंग तूच लिही!" मी म्हणालो. "मले कायले जमन? मी सुया टोचते," म्हणत ती भात टाकायला गेली.

पण रागाचा एक फायदा असतो, माणूस फुलं उधळायची विसरतो. दुसऱ्या दिवशी काकूंसाठी सगळे धुरे तपासून मी पुन्हा बोलायला लागलो. या वेळी राणी भलत्याच क्षणी हसली. गड्याला वाटलं, आपलंच काही चुकलं. मग तिच्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली, त्याला एक तीळ दिसला. सातशे वर्षांत राणीने तो कधी पाहिला नव्हता, कारण स्वतःची पाठ राणीलाही दिसत नाही. तो त्या तिळावर बोट ठेवून तिला सांगत राहिला, केवढा आहे, कसा आहे, श्वासाबरोबर कसा हलतो. बस, एवढंच. पदर ढळला नाही, ओठ थरथरले नाहीत, आणि बोलताना माझे कान मात्र तापले. घरी येताना मी मोटारसायकलवर मोठमोठ्याने गात होतो. जमलं होतं! रेड्यांपेक्षाही उंच उडालो होतो मी.

संध्याकाळी तिने खिडकीशी बसून वाचलं. राणी हसली तिथे हीही हसली. मग हसू थांबलं. तिने परत वरून वाचलं, आणि वाचता वाचता तिचा हात स्वतःच्या पाठीकडे गेला, अर्ध्यावर थांबला, पोचला नाही.

"तीळ काढा," ती म्हणाली.

"काहून?"

"आई वाचन. पोरगी वाचन. उपकेंद्रातल्या बाया वाचतीन."

"कोणाले कळते? तुझी पाठ कोणी पाह्यली?"

"मले कळन ना!"

रागावली नव्हती. तिचेही कान लाल झाले होते. पण शब्द पक्का होता.

मी तीळ काढला. त्याच्या जागी गोंदण दिलं, मग खवले दिले, एकदा तर पाठीवर छोटे पंखही लावून पाहिले. काही उपयोग नाही. गडी आपला राणीमागे उभा, आणि बघण्यासारखं काही नाही. मग ते हसणंही हिचंच वाटायला लागलं, तेही काढलं. उरली ती कॅलेंडरवरची बाई, आणि तिच्यात माझा जीव रमेना. शेवटच्या दिवशी मी ती सगळी रात्रच उडवली. 'दार लागलं. सकाळी रेडे हंबरले.' एवढंच ठेवलं आणि गोष्ट पाठवली. संपादक खूश झाले. मीही खूश, गोष्ट छापून येणार आणि घरातली लाजही राहिली. आपल्याइतका शहाणा नवरा अख्ख्या तालुक्यात नाही, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

अंक आला त्या दिवशी दुकानात पेढे वाटले. आईने अंक न वाचताच देवापाशी ठेवला, हळदकुंकू लावलं. बायकोने तो तिथून उचलला, हात पुसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. मी उगाच समोर घुटमळत राहिलो. रेडे उडतात तिथे ती गालातल्या गालात हसत होती, तेव्हा तर मला नाचावंसं वाटत होतं. मग तिने पान उलटलं. परत मागे उलटलं. पुन्हा पुढे.

"इथं तं दारच लावून घेतलं."

"मंग? तूनंच तं म्हटलं होतं."

तिने त्या दोन ओळींवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी तीळ काढा म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुमी मलेच काढून टाकलं?"