भुजंगआप्पांच्या गावी

वालूरच्या त्रिवेणीबाईंच्या हातात चार दिवस होते. लेक ऋतुजाला वैद्यकीय कॉलेजात जागा मिळाली होती, पण शुक्रवारपर्यंत जातपडताळणीचं प्रमाणपत्र दिलं नाही तर ती जागा जाणार होती. अर्ज एका पुराव्यावर अडला होता. समितीला १९६७ आधीची 'तेली' अशी नोंद हवी होती आणि सासरे रामलिंग यांच्या १९५२ च्या शाळेच्या दाखल्यावर जात नुसती 'लिंगायत' होती. नवरा मल्लेश चार वर्षांपूर्वी वारलेला. रामलिंगांचे वडील भुजंगआप्पा कर्नाटकातल्या भालकीकडून येऊन वालुरात तेलाचा घाणा चालवायचे, एवढंच घरात ठाऊक. दाखल्यावर जन्मगाव होतं, तेवढ्यावर त्रिवेणीबाई निघाल्या.

मंगळवारी दुपारी त्या गावच्या शाळेत पोचल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "जुनं रजिस्टर हाय. पण घराण्यातलं कुणीतरी ओळख द्यायला आणा."

विचारत विचारत त्या भुजंगआप्पांच्या भावाच्या घरी गेल्या, तर त्या भावाचा नातू रुद्रेश दारातच आडवा उभा राहिला.

"ऐंशी वर्षांनी नातं आठवलं, बाई? शेतात हिस्सा पाहिजे ना?"

"हिस्सा नको. लिहून देते."

त्यानं खरंच कोरा कागद आणला. त्रिवेणीबाई लिहायला लागल्या तशी त्याची म्हातारी आई, महादेवी, आतून आली. तिनं कागद ओढून घेतला.

"भुजंगआप्पा एकदा आलते," ती मुलाला म्हणाली. "मी नवी सून होते. माझ्या सासऱ्यानं सख्ख्या भावाला दारातून परत लावलं. मी पाण्याचा तांब्या भरून उभी होते, पर पाऊल उचललं न्हाई. आता तू आणिक तेच करायलास का?"

रुद्रेश पायात चपला घालून शाळेकडं चालू लागला.

रजिस्टर निजामाच्या काळातलं, उर्दूत होतं. गावातल्या एका निवृत्त मास्तरांना बोलावलं. पहिल्या वहीत नाव नव्हतं. दुसरीची निम्मी पानं वाळवीनं खाल्लेली. त्रिवेणीबाई खाली फरशीवर बसल्या. मास्तरांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"फसली तेराशे बत्तीस, म्हणजे इसवी सन एकोणीसशे बावीस-तेवीस. भुजंग. जात, लिंगायत तेली."

"वैनी, उठा," रुद्रेश म्हणाला. "नक्कल घेऊ."

समितीनं ती नक्कल मानली; शुक्रवारी चार वाजता प्रमाणपत्र हाती आलं आणि ऋतुजानं ते लगेच कॉलेजात दिलं. त्रिवेणीबाईंनी आधी रुद्रेशला फोन लावला.

"झालं का?"

"झालं."

तो म्हणाला, "आई विचारायली, पोरीला घेऊन कधी येणार?"