सलमाबादला मुक्कामी आलेला बर्फ

लग्नानंतर मी बहरीनला आले, कारण नवरा तिथे हॉटेलात कामाला होता. अदलियात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. वसईला टायपिंग शिकले होते, टेलेक्स इथे येऊन शिकले, आणि त्या जोरावर सलमाबादच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये मला सेक्रेटरीची नोकरी मिळाली. गोठवलेल्या कोंबड्या, मटण, सुरमई, इथला हमूर मासा हे आमचं जग. ऑफिसात आम्ही तिघंच: मी, मालक, ज्यांना सगळे अरबाब म्हणत, आणि यंत्रं सांभाळणारे पुण्याचे एक इंजिनिअर. इंजिनिअरसाहेब वयाने बरेच मोठे. मला ताई म्हणत, आणि फोनवर मी आईशी आमच्या वसईच्या बोलीत बोलू लागले की कान देऊन ऐकत बसत.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी, ऑफिस बंद करून घरी जायच्या बेतात असताना विमानतळाच्या कार्गोतून फोन आला. ऑस्ट्रेलियाहून युरोपला निघालेलं विमान बिघडून अडकलं होतं, सुटा भाग यायला दोन दिवस तरी लागणार होते. मालात बर्फाच्या काही पेट्या होत्या. त्यांच्यासोबत आलेले एक शास्त्रज्ञ पेट्यांजवळून हलायला तयार नव्हते, आणि विमानतळावरची थंड खोली पुरेशी थंड नव्हती.

मी अरबाबना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "बर्फ? मासळी नाही, नुसता बर्फ?"

"नुसता बर्फ. दक्षिण ध्रुवाकडचा."

ते परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, "माणूस इतक्या लांबून बर्फ घेऊन आलाय, तर त्याला तो प्यारा असणार. मफी मुश्किल, काही अडचण नाही. बोलाव."

आमच्याकडे मासळी झटपट गोठवायची एक खास खोली होती, सगळ्यांत थंड. तिच्यात सुरमई भरलेली होती. कामगारांनी ती दुसऱ्या खोलीत हलवली, तोवर ट्रक आलाच. मागोमाग टॅक्सीतून शास्त्रज्ञ उतरले. चाळिशीचा, उंच, नाकाची सालं निघालेला गोरा माणूस, हातावर लोकरीचा कोट. ऑस्ट्रेलियात थंडी होती, इथे उतरल्यावर तो कोट कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. पेट्या आत गेल्या, दार लागलं, तेव्हा ते माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले आणि तीन ग्लास पाणी प्यायले.

इंजिनिअरसाहेबांनी त्यांना एक अडचण सांगितली. यंत्राच्या नळ्यांवर हिम साचतं, ते काढायला मधूनमधून हीटर आपोआप सुरू होतो आणि तेवढा वेळ खोली जरा तापते. मासळीला त्याने काही होत नाही.

"माझ्या बर्फाला होईल," शास्त्रज्ञ म्हणाले.

"मग हीटर बंद ठेवू आणि हिम हाताने काढू," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. मी येते म्हटलं. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण ध्रुवावरून आलेला माणूस काय बोलतो ते मला ऐकायचं होतं.

शुक्रवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी कोंबडीचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन गेले. साहेब आणि शास्त्रज्ञ दाराबाहेरच्या तापमानाच्या काट्याकडे बघत उभे होते. काटा वर सरकत होता. नळ्या हिमाने गच्च झाल्या होत्या, वारा पुढे जाईना. साहेबांनी पंखे थांबवले, मलाही एक जाड जॅकेट दिलं, आणि आम्ही तिघं ताठ केसांचे झाडू घेऊन आत शिरलो. थोडा वेळ झाडायचं, बाहेर यायचं, बोटं हलवायची, पुन्हा आत. माझ्या पापण्या चिकटायला लागल्या. शास्त्रज्ञ मात्र आत गेले की खुशीत यायचे. बाहेरच्या उन्हात गोंधळलेला माणूस तिथे घरच्यासारखा वावरत होता. शेवटी पंखे सुरू केले आणि काटा हळूहळू खाली आला.

"सुटलो," साहेब मराठीतच म्हणाले, आणि शास्त्रज्ञांना ते कळलं.

जेवताना शास्त्रज्ञ बोलू लागले. बर्फ जिथला होता ती जागा म्हणजे बर्फाचाच एक प्रचंड घुमट, पण इतका पसरट की त्यावर उभं राहिलं तर चढ कळतही नाही. किनारा शेकडो मैल दूर. पक्षी नाही, किडा नाही, कसला वासही नाही. तिथला सगळा उन्हाळा त्यांना फक्त डिझेलचा आणि सूपचा वास मिळाला होता.

"म्हणून तुमच्या मासळीचा वास मला आवडला," ते म्हणाले. असं म्हणणारा पाहुणा त्या इमारतीत आधी कधी आला नव्हता.

"तिथे खूप बर्फ पडत असेल," मी म्हटलं.

"नाही. तुमच्या बहरीनमध्ये पडतं त्याहूनही कमी पाणी तिथे आकाशातून पडतं. तेही वाळवंटच. फक्त पडलेलं काही जात नाही. एका वर्षाचा थर, त्यावर पुढच्या वर्षाचा." त्या थरांत त्या त्या काळची हवा बुडबुड्यांत अडकून राहते, आणि तेव्हा जग किती गरम, किती गार होतं ते बर्फ सांगतो. त्यासाठी ते उभं भोक पाडून दंडगोल काढत होते.

शनिवारी विमान दुरुस्त झालं. निघताना त्यांनी एका पेटीतून काचेच्या तुकड्यांसारखे चार खडे काढले. दंडगोलाच्या कडेचे होते ते, प्रयोगशाळेला निरुपयोगी. अरबाबही खाली आले. मी ग्लासांत पाणी ओतलं, खडे टाकले, आणि बर्फ बारीक तडतडू लागला. कोणी हजारो वर्षांपूर्वीची हवा सुटतेय असं समजावून सांगायच्या आधीच अरबाब ग्लास कानाला लावून उभे राहिले होते. बराच वेळ. मग त्यांनी ते पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाले, "गोड आहे."

पुढच्या आठवड्यात टेलेक्स आला: पेट्या पोचल्या, बर्फ शाबूत, कोंबडीबद्दल आभार. मी तो तिघांना वाचून दाखवला. तिसरा श्रोता माझा नवरा, मला न्यायला आला होता.

त्या बर्फातून काय निघालं ते आम्हाला कोणी कळवलं नाही. काही वर्षांनी हवामान बदलत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात येऊ लागल्या, त्यांत जुन्या बर्फातल्या हवेचा उल्लेख असे. शाळेतून आलेल्या माझ्या मुलीला मी एक बातमी दाखवून सगळी हकिकत मराठीत सांगितली. तिने पूर्ण ऐकून घेतली आणि इंग्रजीत विचारलं की थंडीत मला भीती वाटली का. नाही, म्हटलं, मजा आली. आणि ते खरं होतं.