व्याह्यांचं बंद गाव

सन दोन हजार बावीस. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा होतो, आणि बहात्तर वर्षांत मी माझ्या व्याह्यांएवढा हट्टी माणूस दुसरा एकच पाहिला होता. तो मला रोज दाढी करताना आरशात दिसायचा. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, बाकीचं शिक्षण ट्रकच्या केबिनमध्ये. नागपूरहून संत्री न्यायची, येताना तांदूळ आणायचा. लोखंड न्यायचं, मीठ आणायचं. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करण्यात माझा जन्म गेला, आणि त्याची मला लाज नाही. माझ्यासारखे लोक चार दिवस घरी बसले तर मोठमोठ्या साहेबांच्या भाजीत मीठ पडणार नाही, हे मी कोणालाही तोंडावर सांगतो. अशा माणसाला व्याही मिळावा तो कसा, तर ज्याच्या मते बाहेरून काही आणणं म्हणजेच माणसाचा कमीपणा.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. आमच्याकडे बोलताना इवाई म्हणतात. नागपुरात त्यांचा कूलर बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक टिनाचं शेड, दोन मशिनी आणि एक मिस्त्री. अर्ध्या मोहल्ल्याचा उन्हाळा त्यांच्या कूलरवर निघायचा, पण त्यांचं स्वतःचं सगळं घरचं. दात घासायला बाभळीचा कोळसा घरीच कुटलेला. चप्पल जुन्या टायरची, स्वतः कापलेली, त्यामुळे ते चालले की मातीवर ट्रक गेल्यासारखी नक्षी उमटायची. केससुद्धा स्वतःच कापायचे, एक आरसा पुढे आणि एक मागे टांगून. पुढून माणूस बरा दिसायचा, मागून वेचणी झालेल्या कापसाच्या शेतासारखा. मी एकदा म्हटलं, "इवाई, न्हावी पन जगला पाह्यजे ना." ते म्हणाले, "जगू द्या ना. माह्या डोक्यावर काहून जगते?"

लग्नात तर त्यांनी कहर केला. वरात आली ती पाण्याचा ड्रम घेऊन. "दुसऱ्याच्या विहिरीवर वऱ्हाड नेत नसतेत," म्हणाले. आहेर परत, फेटा परत, माझ्या हातची सुपारीसुद्धा परत, कारण सुपारी स्वतःच्या खिशात होती. मी मंडपातच भांडायला निघालो होतो. माझ्या बायकोने मला बाजूला सारलं आणि मुलीच्या हातात झाकणाची एक लहानशी स्टीलची डबी ठेवली. व्याह्यांनी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "इरजन हाय दह्याचं. घरचं." व्याह्यांनी डबीकडे पाहिलं, डोकं खाजवलं, आणि म्हणाले, "हे तं लागतेच." साऱ्या लग्नात त्यांनी घेतलेली ती एवढीच वस्तू. माझी बायको पुढे दोन वर्षांनी गेली, पण तो विजय ती शेवटपर्यंत सांगायची.

मग दोन हजार वीसची ती साथ आली. व्याह्यांची गल्ली दोन्ही तोंडांनी पत्रे ठोकून सील केली. दूध बंद, भाजी बंद, पहिल्या आठवड्यातच शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कोथिंबिरीवरून बोलणं बंद. सगळे पत्रा कधी निघतो त्याची वाट पाहत होते. व्याही मात्र गच्चीवर बसून विचार करत होते, की पत्रा ठोकला हे वाईट नाही, आत काही पिकत नाही हे वाईट. गल्ली उघडली तेव्हा लोक बाजारात धावले आणि व्याही कुहीच्या रस्त्यावरच्या आपल्या शेतात.

त्या शेतावर माझ्या जावयाचा डोळा होता. जावई वाईट नाही, पण आजूबाजूच्या शेतांत प्लॉट पाडायच्या लेआउटचे झेंडे लागले की कोणाचंही मन हलतं. रोज बापाच्या मागे लागायचा, विका आणि मोकळे व्हा. शेवटी व्याह्यांनी त्याला माझ्यादेखत शब्द दिला: "आखाजी ते आखाजी. एक वर्ष आमी पाच जनं आतलंच पिकवून, आतलंच खाऊन राहू. राहिलो, तं शेताचा विषय तू पुन्हा काढायचा नाई. एक जन जरी बाहेर आला, तं दुसऱ्या दिवशी मी सही करून देतो." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. जावई हसला आणि हो म्हणाला. त्याला वाटलं, पंधरा दिवसांत म्हातारा घरी येईल. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

पण व्याह्यांनी आधीचं वर्षभर तयारी केली होती. वादळात फाटलेलं एक पॉलीहाउस कोणाकडून तरी उचलून आणलं, शिवलं, ठिगळं लावली, दोन पॉलीहाउसं जोडली. वर प्लास्टिक आणि हिरवी जाळी, चारी बाजूंनी कूलरचे पत्रे. लांबून पाहिलं तर कोणी दीड एकराचा कूलर जमिनीवर ठेवला आहे असं वाटायचं. आत विहीर घेतली, धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, घेतली, तूर, जवस, वांगी, दोन बकऱ्या, एक बोकड, कोंबड्या. उन्हाळ्यासाठी वाळ्याच्या ताट्या टांगल्या. वस्ती पाच माणसांची: ते स्वतः, विहीणबाई, व्याह्यांची विधवा बहीण म्हणजे सगळ्यांची आत्याबाई, कारखान्यातला म्हातारा मिस्त्री आणि त्याची बायको. दाराला दार जोडून मध्ये एक खोली केली होती. बाहेरचा माणूस त्या खोलीपर्यंत; पुढे जाळीचं दार, आणि त्याच्यापलीकडे गाव.

मी दर रविवारी भांडायला जायचो. बस पकडून, चांगली टोपी घालून. पहिल्याच रविवारी संत्र्यांची टोपली नेली, कारण व्याह्याच्या दारी रिकाम्या हाताने जाणारा माणूस मी नव्हे. त्यांनी जाळीतूनच हात जोडले. "इवाई, आनलेलं आत येत नाई." मी म्हटलं, मग हवा कशी येते? विहिरीचा झरा कुठून येतो? तो तर पलीकडच्या वावरातून येतो, म्हणजे चोरीच की. त्यांचं उत्तर तयार होतं. त्यांनी गावाचा एकच कायदा केला होता आणि तो दारावरच्या पत्र्यावर रंगवला होता: 'स्वतःहून येईल ते आपलं. आणलेलं परत.' हवा स्वतः येते, पाणी स्वतः येतं, ऊन, चिमण्या, गवताचं बी. संत्री बसने आली होती.

"आन् मीठ?" मी विचारलं.

मीठ त्यांनी आधीच वर्षभराचं भरून ठेवलं होतं. "थे दार लागायच्या आधीचं हाय," एवढंच म्हणाले.

"दाराच्या आधी हो का मागून, आलं तं ट्रकनंच ना? कोन जाने, मीच आनलं असन."

तो रविवार मी जिंकलो. पण संत्री परत आणावी लागली, आणि त्याहून वाईट म्हणजे चहा मिळाला नाही. चहापत्ती आतली नाही, साखर आतली नाही, म्हणून चहा नाही. व्याह्याच्या दारातून बिनचहाचा परत गेलेला माणूस आमच्या खानदानात माझ्याआधी झाला नसावा. मी बसस्टँडवर दोन कप प्यायलो आणि दोन्हींत व्याह्यांना शिव्या दिल्या.

गाव म्हटलं की पंचायत पाहिजे, म्हणून त्यांनी पावसाळ्यात सरपंचाची निवडणूक घेतली. व्याही उभे राहिले, आणि कोणीतरी विरोधात पाहिजे म्हणून विहीणबाईंनाही उभं केलं. मतं तुरीच्या आणि वालाच्या दाण्यांनी टाकली. विहीणबाई चार मतांनी आल्या. व्याह्यांना स्वतःचं एक मत पडलं, आणि ते कित्येक दिवस मिस्त्रीकडे संशयाने पाहत होते. पण निकाल मानला. सरपंचाने पहिला हुकूम काढला, की गावातल्या पुरुषांनी आपलं ताट आपण घासायचं. पुढच्या रविवारी गेलो तर माणूस विहिरीवर राख घेऊन बसलेला. मी त्या दिवशी खोलीत जरा जास्त वेळ उभा राहिलो.

असं करत दिवाळी गेली, होळी गेली. धान झालं, तूर झाली, अंडी एवढी झाली की कोंबड्यांना आवरा म्हणायची पाळी आली. जावई हसायचा बंद झाला. माझंही भांडण जरा पातळ झालं होतं. आणि तेव्हा व्याह्यांची फजिती झाली, तीही त्यांच्या हुशारीनेच. दोन्ही बकऱ्या त्यांनी हिशोबाने एकाच वेळी गाभण करवल्या, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी दुधाची चंगळ व्हावी. हिशोब बरोबर निघाला. दोघी एकदमच आटल्या, दोघी एकदमच व्याल्या, आणि दुधाने गंज-पातेली भरली. पण मधल्या दिवसांत घरात दुधाचा थेंब नव्हता. जुनं दही तेवढ्यात बुरशी येऊन गेलं. विरजण मेलं. दूध आहे आणि दही नाही.

बाहेरच्या जगात हे दुःखच नाही. वाटी घ्यायची, शेजारणीचं दार वाजवायचं. त्यांच्या गावाला शेजार नव्हता. त्यांनी मिरचीचे देठ टाकून पाहिले, चिंच टाकून पाहिली. जे झालं ते मिस्त्रीने बकरीपुढे ठेवलं, तर तिने मान फिरवली. इकडे नागपूरचं ऊन चढायला लागलं. आत्याबाईंच्या तोंडात दात नव्हते. ताक आणि भात, एवढ्यावर ती बाई जगत होती. कोरडा भात तिच्या घशाखाली उतरेना. चार दिवसांत तिचा चेहरा उतरला.

त्या रविवारी मी गेलो तेव्हा जाळीपलीकडे सभा बसली होती. आत्याबाई गाठोडं बांधून तयार. म्हणाल्या, "दादा, म्या लय दिवस काढले. आता मले सोड. मी बाहेर जातो."

व्याही उलट्या बादलीवर बसले होते. वर्ष भरायला थोडेच दिवस उरले होते. आत्याबाई दारातून बाहेर पडल्या की दुसऱ्या दिवशी सही, आणि त्या सहीमागे जेसीबी. मला वाटलं होतं, हा माणूस हरताना पाहून मला गोड वाटेल. पण ज्याच्याशी भांडायचं तोच खाली मान घालून बसला तर आपण भांडायचं कोणाशी? ते एवढंच म्हणाले, "जा बाई. उपाशी ठेवून गाव होत नसते."

मी जाळीला तोंड लावून म्हटलं, "इरजन माह्या घरी हाय. उद्या आनून देतो."

"आनलेलं परत," व्याही म्हणाले. हरत होते तरी.

तेव्हा विहीणबाई उठल्या. सरपंच होत्या त्या. नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचाच कायदा ना? सोताहून येईन थे आपलं. मंग मानूस सोताहून आला तं?"

"मानूस आला तं आला. पन त्याच्या हातातलं?"

"मी तुमच्या घरी लग्न होऊन आलो, तवा माही ओटी का बाहेर काढून ठेवली होती तुमी? येनारा मानूस आपलं घेऊनच येते. कोनतं गाव बाहेरच्या पोरी आल्याबिगर उभं राहिलं, सांगा मले." मिस्त्रीची बायको हसली. विहीणबाई पुढे म्हणाल्या, "पन जो येईन त्यानं राहा लागते. देऊन वापस गेला तं थे आननं झालं."

सगळ्यांनी हात वर केले. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपीपासून चपलेपर्यंत. "इवाईच्यानं नाई होनार," ते म्हणाले. "इवाईले चहा लागते."

ते डिवचणं होतं की बोलावणं, हे मी अजून ठरवलेलं नाही. मी आत्याबाईंना म्हटलं, एक रात्र थांबा. आणि घरी आलो.

आज व्याही नाहीत. गेल्या हिवाळ्यात गेले. शेत आहे, जावयाने शब्द पाळला, आता स्वतःच तिथे वांगी लावतो आणि बापासारखाच कोणाचं ऐकत नाही. प्लास्टिक पुन्हा फाटलं आहे, त्यातून चिमण्या जातात-येतात. रविवार आला की मी सवयीने टोपी घालतो, मग काढून ठेवतो. भांडायला कोणी राहिलं नाही की माणूस लवकर म्हातारा होतो.

त्या रविवारी संध्याकाळी मी दूध विरजायला लावलं. दही मी खात नाही, कधी खाल्लं नाही. पण बायको गेल्यापासून तिचं विरजण रोज लावत आलो आहे; का, ते मला विचारू नका. विहीणबाईंकडे मेलं तेही तिच्याच हातचं, त्या लग्नातल्या डबीतलं. थोडं मुलीच्या घरी पोचवलं, मी नसताना ते चालू राहावं म्हणून, आणि बाकीचं बायकोच्याच एका डबीत भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर दोन कप चहा प्यायलो, यावेळी शिव्या न देता. कुहीची पहिली बस घेतली. डबी मांडीवर धरली होती. जन्मभर माल वाहिला, पण एवढी लहान खेप कधी केली नव्हती, आणि जिच्या परतीचा माल शोधायचा नाही अशीही ही एकच. व्याही जाळीच्या दाराशी पाठमोरे उभे होते, मागून वेचलेल्या कापसासारखे. त्यांनी वळून कडी काढली. विहीणबाईंनी डबी घेतली आणि मला बसायला बादली उलटी करून दिली. मग गवती चहा उकळून आणला, त्यात पत्ती नव्हती आणि साखर नव्हती. व्याह्यांच्या त्या गावातला माझा तो पहिला चहा. मी तो कपाच्या तळापर्यंत प्यायलो, उठलो, आणि दार माझ्या हाताने आतून लावून घेतलं.