सोन्यासमोरची चांदी

“ह्यो दात काढूनच टाका, म्याडम. तोंड मिटलं की करंट बसतोय.”

गौराक्का कागलच्या. घरी कांदा-लसूण चटणी करून विकतात. आठवडाभर त्या भाकरी दुधात कुस्करून खात होत्या आणि चटणीची चवही धड बघता येत नव्हती. त्यांच्या खालच्या दाढेत गेल्याच आठवड्यात आमच्याच क्लिनिकमध्ये सरांनी, म्हणजे माझ्या वरिष्ठ डॉक्टरांनी, चांदी भरली होती. चांदी म्हणजे चांदी, कथील वगैरेंची पूड पाऱ्यात कालवून केलेला गोळा. मागच्या दाढेला तो चांगला. चावण्याचा जोर सोसतो आणि भरताना थोडी लाळ आली तरी बिघडत नाही.

मी दाढ ठोकून बघितली. दुखली नाही. एक्स-रे स्वच्छ. फिलिंग उंच राहिलंय का, म्हणून निळा कागद चावायला दिला. तेही बरोबर होतं. सर म्हणाले, नवी चांदी आहे, बसेल हळूहळू. नाहीतर रूट कॅनाल करू. पण किडीचा ठणका असा क्षणात येऊन क्षणात जात नाही. मी गौराक्कांना सावकाश तोंड मिटायला सांगितलं आणि गाल बाजूला धरून बघत राहिले. खालची दाढ जिथं टेकत होती, तिथं वर सोन्याची कॅप होती.

दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट लाळ. तोंडातच छोटा सेल तयार झाला होता. बाई करंट म्हणत होत्या तो खरोखरच करंट होता.

खात्री करायला, धातूला धातू टेकू नये म्हणून चांदीवर दातांच्या वार्निशचा पातळ हात दिला, वाळू दिला. गौराक्कांनी भीत भीत चावलं. मग जोरात चावलं.

“गेला की.”

सर उठून आले. त्यांनी स्वतः चावायला लावून बघितलं आणि मान हलवली. पण वार्निश झिजून जातं. एक धातू काढायलाच हवा होता.

“सोन्याला हात लावायचा न्हाय,” गौराक्का म्हणाल्या. “मालकांनी हौसेनं बसवलंय.”

म्हणजे चांदी जाणार. तिच्या जागी काय? ग्लास आयनोमर हे एक सिमेंट. दाताला आपोआप चिकटतं, फ्लोराइड सोडतं, पण दाढेत चावून चावून झिजतं. कॉम्पोझिट दाताच्या रंगाचं, थरावर थर देऊन निळ्या उजेडानं कडक करायचं. ते टिकतं, पण भरताना जागा कोरडी ठक्क लागते.

“चांदीवानी घट्ट हाय का?” गौराक्कांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. तितकं नाही, पण नीट घासलं तर बरीच वर्षं जाईल.

सरांची शंका वेगळी होती. “इतक्या मागं कोरडं ठेवशील?”

“रबराचा पडदा लावते, सर.”

लाळ अडावी म्हणून दाढ तेवढी बाहेर ठेवून पडदा लावला, चांदी काढली, कॉम्पोझिट भरलं. सक्शनची नळी सरांनीच धरली होती. पुढच्या सोमवारी गौराक्का चटणीची बरणी घेऊन आल्या. “भाकरीसंगं चावून चव बघितलीया,” म्हणाल्या.

कुठलं फिलिंग सगळ्यात चांगलं, असं लोक अजून विचारतात. मी आधी त्यांना तोंड मिटायला सांगते. त्या दातावर समोरून टेकणारा दात बघितल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.