गिरणीतला समंजस बल्ब

पालमच्या पिठाच्या गिरणीत मी बॅटऱ्या भरून द्यायचो. निजाम गेला होता, वीज यायची होती. पण लग्नात बॅटरीवर कर्णा लावून गाणी वाजवायची हौस मात्र आधीच येऊन बसली होती.

गिरणीच्या इंजिनाला पट्टा लावून माझा डायनामो फिरे. ज्वारी जास्त पडली की इंजिन धापा टाकी, जातं मोकळं झालं की उधळे, आणि वीजही तशीच कमीजास्त होई. बॅटरीला करंट एकसारखा लागतो, म्हणून मी डायनामोतून बॅटरीकडे जाणाऱ्या वाटेत एक बल्ब जोडला होता. वीज जोरात आली की त्याची तार तापून तिला अडवी, मंदावली की निवून वाट सोडी. आमच्या घरात इतकं समंजस कोणी नव्हतं. मी तर नव्हतोच.

एक मेंढरंवाले मामा लेकीच्या लग्नासाठी बॅटरी घेऊन आले.

"मिस्तरी, ह्यो दिवा भर दुपारी कामून जळायलाय?"

"करंट सांभाळतोय, मामा."

"सांभाळायलाय का खायलाय?"

"मेंढरं तुम्ही सांभाळा, वीज मी बघतो!" असं खेकसून मी ॲसिड आणायला परभणीच्या मोटारीत बसलो. परत आलो तेव्हा मामा बॅटरी घेऊन गेले होते.

लग्नाला मीही गेलो होतो. लिंबावरचा कर्णा एकदा खाकरला आणि गप्प झाला. व्याही हसले, "काय पाव्हणं, बॅटरी उपाशीच आणली का?"

मामा ताडकन उठले. "उपाशी? म्या सवता दिवसभर राखण केली. मिस्तरीची पाठ फिरताच दिवा पिरगाळून काढला, निघताना परत बसवला. एक थेंब वाया जाऊ दिला न्हाई!"

बल्ब काढला म्हणजे वाटच तुटली. बॅटरीत काहीच गेलं नव्हतं. माझं डोकं भडकलं. तोंड उघडलं, तर बाशिंगाआडून नवरी बापाकडे मोठ्या अभिमानानं बघत होती.

"माझ्याच डायनामोत खोट होती," मी म्हणालो. व्याही आता मला हसले.

गिऱ्हाईक तुटलं. मग मामाच एकेकाला धरून गिरणीत आणू लागले. माझ्या पाठीवर हात ठेवून सांगत, "पोरगं गुणाचं हाय, फकस्त इजेतलं कळत न्हाई त्याला. तुमी घोर करू नका. बॅटरीपाशी म्या बसतो."