पूजेतली फ्लॉपी

“हात लावू नगंस! कॅन्सल म्हंजी रद्द. समदं रद्द हुईल!” दादासो छापखानेवाला मेघनाच्या खुर्चीमागनं वरडला.

“मग काय करू, दादा? रिट्राय दाबून दाबून बोट दुखाय लागलं,” मेघना म्हणाली.

संगणकाच्या पडद्यावर करडी चौकट ठाण मांडून बसली होती. तीत एक इंग्रजी ओळ अन् खाली दोन बटणं. रिट्राय दाबलं की पेटीतनं घर्रर्र आवाज यायचा अन् तीच चौकट परत हजर.

मेघना निमगाव केतकीची. बारामतीला कोर्स करून इंदापुरात दादासोच्या छापखान्यात संगणकावर बसली, त्याला वरीस झालं नव्हतं. हे सत्त्याण्णव सालचं. आज दसरा. घरची माणसं विहारात गेली होती, पण मयताचं काम म्हणून ती आली. दादासोनं दारातच बजावलेलं, “धोंडीबाची पत्रिका बुडाली तर उद्यापासनं येऊ नगंस.”

धोंडीबा बाकड्यावर बसला होता. त्याच्या आईच्या, तुळसाच्या दहाव्याची पत्रिका. तुळसाचं माहेर लोणी भापकर. बारामतीची दुपारची गाडी चुकली, तर माहेराला सांगावा जायचा कसा? अन् माहेरची माणसं आली न्हाईत तर भावकी जन्मभर तोंड वाजवणार.

“पोरी, गाडी लागायची येळ झाली,” धोंडीबा म्हणाला.

मेघनानं चौकटीतली ओळ परत वाचली. फ्लॉपीचं काहीतरी होतं. तिनं वाकून पेटीची फट बघितली. रिकामी.

“दादा, हितली फ्लॉपी?”

“पूजेत हाय. काल खंडेनवमी न्हवती व्हय?”

चौरंगावर छपाईचं जुनं खिळं, कात्री अन् मधोमध फ्लॉपी, हळदीकुंकवानं माखलेली. धोंडीबा तिकडं झेपावला तसा दादासो आडवा झाला. “सोनं वाटल्याबिगर हत्यार उचलायचं न्हाय!”

“मढ्यापरीस हत्यार मोठं झालं व्हय रं?”

“भांडू नगा, मामा,” मेघना म्हणाली. “कुंकू गेलंय आत. आता ती आणून उपेग न्हाय.”

आता एकच बटण राहिलं. पत्रिका परवा फ्लॉपीवर ठेवली होती, हे तिला पक्कं ठावं होतं. मशीनमधी ठेवली का न्हाय, ते काही केल्या आठवंना. दादासोनं डोळं मिटलं.

तिनं कॅन्सल दाबलं.

चौकट गेली. परत आली. धोंडीबानं डोक्याला हात लावला. मेघनानं दात आवळून परत दाबलं.

पडदा पांढरा झाला अन् वरनं अक्षरं उतरली. ‘कै. तुळसा...’

“मशीन नुस्तं फ्लॉपी हुडकत हुतं,” तिनं श्वास सोडला. “काम हितंच हाय.”

“मग मघाशी दाबायला काय झालं हुतं?” दादासोनं मिश्यांवरनं हात फिरवला.

धोंडीबा पडद्यापाशी आला, बोट ठेवून नावं वाचाय लागला अन् थबकला. “आईचा थोरला भाऊ कुठाय? संभाजीमामा?”

“सांगा, मामा. कुणाच्या खाली घालू?”

तिनं कीबोर्ड जवळ ओढला.